आत्याबाईंचे गुडघे

आवळीच्या जेवणाची तयारी बायका स्वयंपाकापासून सुरू करतात आणि तिथेच चुकतात. तयारी दिवसापासून सुरू करायची असते. दिवस ठरला की माणसं ठरतात, माणसांवरून वाट ठरते, वाटेवरून पाणी किती न्यायचं ते ठरतं, आणि भाकरीची पाळी सगळ्यांत शेवटी येते. हे मी आजही सुनांना सांगते. त्या ऐकून घेतात आणि आधी पीठ मळायला बसतात.

आमचं गाव जवळा बाजारच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. मी सांगते ते निजामाच्या राज्यातलं. रझाकारांची गडबड अजून बरीच लांब होती. गावामागे डोंगराची लांबलचक धार, तिच्या माथ्यावर थोडी सपाट जागा, तिथे आवळीचं एक जुनं झाड आणि झाडाखाली शेंदूर लावलेली देवी. कार्तिकात एक दिवस आमच्या आळीतल्या सात-आठ बायका तिथे जायच्या, आवळीची पूजा करायच्या, तिच्या सावलीत जेवायच्या आणि ऊन उतरायच्या आत घरी यायच्या. चालणं फार नव्हतं. पण शेत, ओढा आणि विहीर सोडून वर्षभरात पाय जिथे जायचे अशी ती एकच जागा. माथ्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजू दिसायच्या. अलीकडे आमचं गाव आणि पूर्णेकडे उतरत गेलेली काळी रानं, पलीकडे दुसरं खोरं आणि त्यात तीन-चार गावं, मुठीतून सांडल्यासारखी.

त्यातलं सगळ्यांत जवळचं गाव माझ्या धाकट्या जावेचं माहेर.

इतकं जवळ असून ती तीन वर्षांत माहेरी गेली नव्हती. तिच्या लग्नात शेवटच्या पंगतीला तूप संपलं होतं. नेमके आमच्याकडचे जाणते त्या पंगतीला बसलेले. मामंजी, म्हणजे आमचे सासरे, हात धुऊन उठले आणि सोयऱ्यांच्या घरी परत पाणी प्यायचं नाही असं तिथेच ठरवून आले. सुनेला दिवाळीला पाठवायचं नाही, हे त्यातच आलं. भाऊबिजेला तिचा भाऊ यायचा, आत्याबाई त्याला ओसरीवर जेवू घालायच्या, तो बहिणीकडे पाहायचा, बहीण ताटाकडे पाहायची, आणि तो परत जायचा. आत्याबाई म्हणजे सासूबाई. त्या वाईट नव्हत्या. मामंजींच्या शब्दापुढे त्या घरात कुणाचंच चालत नव्हतं एवढंच.

धाकटी डोंगरावरही आली नव्हती. पहिल्या कार्तिकात तिला दिवस गेलेले टिकले नाहीत, ती अंथरुणावर होती. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच झालं होतं, आणि त्यातून उठली तर नेमकी आवळीच्या दिवशी बाहेर बसली.

यामुळेच मी दिवसाला इतकं महत्त्व देते. देवीच्या झाडाखाली जायचं म्हणजे बाहेर बसलेली बाई चालत नाही. सात-आठ बायका एका दिवशी मोकळ्या हव्यात, तर प्रत्येकीला आधी विचारून ठेवावं लागतं. वडिलांनी मला अक्षरं शिकवली होती, पण हे कागदावर लिहायचं नसतं. एक बाई म्हणजे एक बोट, आणि बोटाचं पेर म्हणजे तिचा आठवडा, असा माझा हिशेब होता. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी हे काम माझ्याकडे आलं, कारण त्याआधी दिवस ठरवायच्या आत्याबाई, आणि त्या कुणाला विचारत नसत. ज्या राहिल्या त्या राहिल्या.

त्या वर्षी मी ओढ्यावर धुणं धुताना विचारायला बसले. जवळ्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जाऊ, असं माझ्या मनात होतं. बाजारावरून आलेले पुरुष त्या दिवशी सुस्त असतात, कुणी फार विचारत नाही. चुलत सासू म्हणाली, "माझं बोट मोकळं सोड गं माय. माझा कावळा कवाच उडून गेला." शेजारची म्हणाली की जमलं तर माझा बाहेर बसायचाच दिवस धर, तेवढीच भाकऱ्यांतून सुटका. असं हसतखेळत बोटं भरत आली. धाकटी खाली मान घालून गोधडी आपटत होती. मी विचारलं तेव्हा तिने मान वर केली नाही. "माझी अडचण न्हाई," ती म्हणाली. "मागल्या आठवड्यातच झाली."

मी बोट मिटलं आणि पुढचीला विचारलं. पण घरी येताना डोक्यावर धुण्याचं ओझं घेऊन चालता चालता मला खटकलं. आमच्याकडे बाहेर बसलेली बाई गोठ्यालगतच्या खोलीत बसायची. तिचं ताट नेऊन ठेवायचं काम माझं. मागच्या आठवड्यात मी ताट नेलं नव्हतं. त्याच्या आधीच्या महिन्यातही नव्हतं. पोळ्यानंतर ती त्या खोलीत गेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही कापूस वेचत होतो. आत्याबाई नेहमीसारख्या सगळ्यांच्या पुढे, दुसऱ्या टोकाला पोचलेल्या. मी धाकटीच्या ओळीत गेले आणि विचारलं. तिने नाही म्हटलं नाही. ओटीतला कापूस दाबत राहिली.

"आत्याबाईंना सांगू?" मी म्हटलं.

"सांगू नका अक्का. दोनदा सांगितलं न् दोनदा गेलं. या खेपेला मी तोंडच उघडीत न्हाई."

"तोंड उघडीत न्हाईस अन् डोंगर चढतेस व्हय?"

तेव्हा ती सगळं बोलली. डोंगराच्या अलीकडच्या उतारावर, अर्ध्या चढणीवर तांडा आहे. तिथली एक बाई मोळ्या विकायला आमच्या गावी यायची आणि त्यांच्याही गावी जायची. तिच्याकडून धाकटीने आईला निरोप धाडला होता की बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही माथ्यावर येतोय. निरोपाला उत्तर आलं होतं. आई त्या दिवशी ऊन डोक्यावर आलं की माळवदावर लाल लुगडं धरून उभी राहणार. आईला उन्हाळ्यापासून खोकल्याने धरलं होतं, माळवदाची शिडी चढणं तिला सोपं नव्हतं, तरी उभी राहणार होती. मी दिवस ठरवायच्या आधीच या दोघींनी ठरवला होता. मी आदल्या आठवड्यात चुलीपाशी मोठ्याने बोलले होते, ते हिने पकडलं होतं.

मी तिला समजावलं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, मामंजींनाही ते मोडता येणार नाही, तेव्हा चार-पाच महिने कळ काढ. तिने माझ्याकडे पाहिलं. "टिकलं तर धाडतील. न्हाई टिकलं तर?" आणि पुढच्या बोंडाला हात घालत, "सांगितलं की मला घरात बसवतील अक्का. मंग ती उभी राहील न् वर कुणीच नसंल."

उत्तर नसलं की मी व्यवस्थेला लागते, हा माझा स्वभाव.

वर जायच्या वाटा दोन. आम्ही नेहमी जायचो ती घळीची, सरळ आणि उभी, मोठमोठ्या धोंड्यांवरून. दुसरी तांड्याची. तांड्यातल्या लोकांचे आजे-पणजे लादलेले बैल घेऊन डोंगर ओलांडायचे, त्या बैलांच्या खुरांनी पडलेली ती वाट, लांब वळसे घेत हळूहळू वर जाणारी. अर्ध्यापर्यंत तर बैलगाडीसुद्धा जायची. धाकटीला घळीने नेणं शक्य नव्हतं. गाडीने अर्धं जायचं, उरलेलं थांबत थांबत चढायचं, ओझं तिच्याकडे काही द्यायचं नाही, एवढं केलं तर तिला घरातल्या पाण्याच्या खेपांपेक्षा जास्त त्रास होणार नव्हता. मला हे सुचलं तेव्हा मी खूश झाले. कुणाला न सांगता सगळं बसत होतं.

फक्त गाडीला कारण लागणार होतं. सुगीचे दिवस, ज्वारी रानातून यायची होती, आणि बायकांनी डोंगरावर जेवायला जायला गाडी मागायची. मी मामंजींशी बोलत नसे. नवऱ्याला सांगायचं, त्याने वडिलांना विचारायचं. त्याला मी कारण दिलं आत्याबाईंच्या गुडघ्यांचं.

आत्याबाई तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. उठताना त्यांचे गुडघे कटकन वाजायचे, तसे ते मी आल्यापासून वाजतच होते. दुखत नव्हते. घळीने चढताना पाण्याची तांब्याची घागर त्यांच्या डोक्यावर असायची आणि त्या कुठेही न थांबता सगळ्यांच्या आधी वर पोचायच्या. आम्ही धापा टाकत जायचो तोवर त्यांनी चुलीचे धोंडे मांडलेले असायचे. हे मला चांगलं माहीत होतं. तरी दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावं असं मनात आलं नाही. चुलत सासूचं घेतलं असतं तर तिने गाव गोळा केलं असतं. आणि माझं स्वतःचं? माझा पाय दुखतो म्हणायला कुणी अडवलं नव्हतं. पण मला घरी ठेवून बाकीच्या गेल्या असत्या, आणि मला जायचं होतं.

नवऱ्याने हे रात्रीच्या जेवणाला काढलं. पुरुष ओसरीवर जेवत होते, दोन्ही सालगडीही बाजूला बसले होते. मी वाढत होते, आत्याबाई आत चुलीपाशी भाकरी थापत होत्या. नवरा म्हणाला, आईचे गुडघे दुखतात, त्या दिवशी गाडी द्यावी लागेल. मामंजी घास थांबवून हसले.

"घळीनं चढताना बैलाला मागं टाकणारी बाई ही. आता तिलाच बैल लागून राहिले व्हय? म्हातारी झाली म्हणा की." गाडी न्या, असंही म्हणाले. सालगडी ताटात बघून हसले.

मी आत आले. आत्याबाईंचा हात थांबला नव्हता. ती भाकरी पुरी थापून त्यांनी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि मग हळू आवाजात विचारलं, "माझे गुडघे कुणी पाहिले?"

अजूनही सावरता आलं असतं. नवऱ्याने काहीतरी भलतंच सांगितलं, असं म्हणता आलं असतं. पण तसं म्हटलं असतं तर गाडी गेली असती. मी म्हटलं, "उठताना तकलीफ होते तुमाला. दिसते ना मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भाकरी उलटली.

दोन दिवसांत ते आळीभर झालं. चुलत सासू मुद्दाम येऊन विचारून गेली, "काहून गं, यंदा गाडीत बसून देवीला जाऊन राहिली म्हणं?" आत्याबाईंनी तिला सुपारी दिली आणि यंदा मी येत नाही असं सांगितलं. कापूस वाळत घातलाय, नातवंडं आहेत, कुणीतरी घरी पाहिजे. मला ते शेजारच्या बाईकडून कळलं.

मी संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या तांब्याची घागर चिंचेने घासत होत्या. चला ना आत्याबाई, तुमच्याशिवाय कसं, असं मी म्हणत राहिले. त्या म्हणाल्या, चढायला लागले आणि कुठे पाय घसरला तर लोक म्हणतील म्हातारीने हट्ट केला. गाडीत बसले तर लोक म्हणतील म्हातारी बसून आली. त्यापेक्षा घर बरं. हे सगळं त्या अगदी सरळ आवाजात सांगत होत्या, मी जसा भाकऱ्यांचा हिशेब सांगते तसा. मग घागर धुतली, उपडी केली, आणि माझ्याकडे सरकवली.

"ही तू घे. चुंबळ मोठी कर, तुझ्या डोक्याला सवय न्हाई."

तिथे दुसरं कुणी नव्हतं. धाकटी गोठ्यात होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मी एक वाक्य बोलले असते तर आत्याबाईंचे गुडघे त्यांना परत मिळाले असते. त्याच वाक्याने धाकटी घरात बसली असती, आणि पलीकडे एक खोकणारी बाई लाल लुगडं धरून रिकाम्या डोंगराकडे बघत राहिली असती. मी दोन्ही तोलून पाहिलं. तोलताना एका पारड्यात आई होती आणि दुसऱ्यात, मला वाटलं, नुसता रुसवा. रुसवा चार दिवसांत उतरेल, असा मी अंदाज केला. मी घागर उचलली आणि चुंबळीसाठी जुनं लुगडं फाडायला गेले.

ठरल्या दिवशी उजाडल्यावर निघालो. दशम्या, वांग्याची भाजी, कारळाची चटणी, देवीला पुरणाचा नैवेद्य, सगळं पाट्यांत भरून पांढऱ्या फडक्यांनी झाकलं. आत्याबाई दारापर्यंत आल्या, हळदीकुंकवाची पुडी विसरली होती ती त्यांनी आणून दिली. मी कधी काही विसरत नाही, ती विसरले.

गाडीत सगळ्या मजेत होत्या. तांड्याजवळ गाडी सोडली तिथे ती मोळीवाली बाई पाण्याला निघालेली भेटली. ती धाकटीकडे पाहून हसली आणि मला म्हणाली, "तुमच्याकडं सगळं बराबर हाय ना? तूप-बीप?" सगळ्या खुदखुदल्या. धाकटीही हसली.

पुढची चढण मी जमेल तितकी लांबवली. लुगड्याला कुसळं लागली म्हणून थांबले. पायात काटा गेला म्हणून थांबले. घागर दुसऱ्या हाताने धरायची म्हणून थांबले. मी थांबले की धाकटीला बसायला मिळायचं. चुलत सासू म्हणाली, "गाडीत बसून आलो तरी हिचा दम सरंना. सासू बरी होती बाई, ती निदान चालत तरी होती." शेजारची म्हणाली, सुनेने सासूचे गुडघे घेतले वाटतं. त्या टोमण्यांचं मला वाईट वाटलं नाही. उलट अजून थोडे पडावेत असं वाटत होतं.

वर पोचल्यावर चुलीचे धोंडे मी मांडले आणि चुकीच्या तोंडाने मांडले. सगळा धूर झाडाखाली आला, बायका डोळे पुसत लांब जाऊन बसल्या. वारा कुठून येतो ते दरवर्षी आत्याबाई बघायच्या. ते माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

पूजा झाली आणि धाकटी उठून पलीकडच्या कडेला गेली. तिथे एक उंच खडक आहे. मी मागोमाग गेले. ती खालच्या गावाकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा भांबावला होता.

"कोणतं गं?" मी विचारलं.

"कळंना," ती म्हणाली. "मी घर वरून कधी पाहिलंच न्हाई."

खाली सगळी माळवदं सारखी, मातीच्या रंगाची, एकमेकांना चिकटलेली. ती लिंब शोधत होती, लिंब चार दिसत होते. देवळावरून मोजायला लागली, पण देऊळ तिच्या दारातून डाव्या हाताला होतं आणि इथून ते उजवीकडे पडत होतं. ऊन डोक्यावर आलं. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, इतकं करून हे फुकट जाणार. आणि मग एका माळवदावर काहीतरी लाल हललं. थांबलं. पुन्हा हललं.

ती मागे पळाली, पाटीवरचं पांढरं फडकं ओढलं, खडकावर चढली आणि दोन्ही हातांनी ते डोक्यावर धरून हलवायला लागली. पोटुशीने हात असे वर करू नयेत, मी बोलणार होते, आणि बोलले नाही. नुसती तिच्या पायांशी उभी राहिले, घसरली तर धरायला. बाकीच्या बायका मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना समजायचं ते समजलं. शेवटी चुलत सासूच म्हणाली, "हलवू द्या तिला. हे काही तुपावानी संपून न्हाई राहिलं."

खाली ते लाल बराच वेळ हलत राहिलं. मधे एकदा खाली बसलं, बहुतेक खोकला आला असेल, आणि पुन्हा उठलं. धाकटी रडत होती आणि हसत होती, आणि फडकं खाली घेत नव्हती.

मी सहज मागे वळले. आमच्या बाजूला आमचं गाव दिसत होतं, आणि आमचं घर मला लगेच सापडलं, कारण माळवदावर पांढरा कापूस पसरलेला होता. कापसाच्या कडेला हिरवा ठिपका होता. आत्याबाई सकाळी हिरव्या लुगड्यात होत्या. तो ठिपका माणूस असेल किंवा वाळत टाकलेलं लुगडं असेल. मला वाटलं तो थोडा हलला. मग वाटलं, वारा असेल. मी हात वर केला नाही. माणूस असलं तर त्या हाताचा अर्थ काय सांगायचा, ते मला ठरवता आलं नाही.

घरी आलो तेव्हा आत्याबाईंनी पाणी पुरलं का एवढं विचारलं. मी पुरलं म्हणाले.

धाकटीचं पोट टिकलं. संक्रांतीला तिने घरात सांगितलं. सातव्या महिन्यात तिचा भाऊ गाडी घेऊन आला, मामंजी काही बोलले नाहीत, आणि न बोलणं म्हणजेच पाठवणं असं सगळ्यांनी धरलं. ज्येष्ठात तिला मुलगी झाली. तिच्या आईने ती मांडीवर घेतली, न्हाऊ-माखू घातली. त्या हिशेबात माझी चूक झाली नाही.

दुसऱ्या हिशेबात झाली. रुसवा चार दिवसांत उतरला, खरं तर तो रुसवा नव्हताच. पण म्हातारपण उतरलं नाही. मामंजींनी एकदा तो शब्द उच्चारला होता, तो घरात राहिला. हरभरा काढायच्या वेळी सालगड्याने आत्याबाईंच्या हातात विळा दिला नाही. म्हणाला, तुमी बसा माय. नवरा त्यांना विहिरीवर जाऊ देईना. बाजारातून त्यांच्या गुडघ्यांसाठी तेल आलं. आणि मी, मला अपराधी वाटत होतं म्हणून, त्यांच्या हातातलं काम आधी घ्यायला लागले. त्या उठायच्या आत मी घागर उचलायची. त्यांना बरं वाटावं म्हणून करत होते, आणि माझ्या प्रत्येक खेपेने मी सांगितलेलं खोटं आणखी पक्कं होत होतं. हे मला उन्हाळ्यात उमगलं, तोवर त्या ओट्यावर बसायला लागल्या होत्या. आधी कुणी शेतावर निघालं की त्या उठायच्या. मग उठेनाशा झाल्या.

पुढच्या कार्तिकात पुन्हा बोटं मोजायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं की सांगायचं. आता लपवायला काही उरलं नव्हतं. त्या ओट्यावर कापसातली सरकी काढत बसल्या होत्या, मी शेजारी बसून तेच काम हातात घेतलं आणि सगळं सांगितलं. दिवसांचा हिशेब, निरोप, लाल लुगडं, गाडीचं कारण. सरकी एक-एक करून परातीत पडत होती.

परातीतली सरकी हाताने पसरून त्या म्हणाल्या, "मंग ते पांढरं फडकं तिच्या आईला व्हतं?"

मी व्हय म्हणाले.

"मला वाटलं मलाच बोलवून राहिल्या. म्हटलं, सगळ्यांनी आठवण काढली. मीबी पदर हलवला माळवदावरून." त्या थोड्या हसल्या. "लई वेळ हलवला."

तुमच्यासाठीपण होतं आत्याबाई, असं माझ्या ओठांवर आलं. चटकन आलं, माझी अशी वाक्यं चटकनच येतात. त्यांनी हातानेच मला थांबवलं.

"यंदा कोणता दिस धरला?"

मी सांगितला.

"जा मंग. वाट तांड्याचीच घ्या, लेकरू हाय संगं. अन् इकडं कुणी फडकं हलवू नका. मला आता शिडी चढवंत न्हाई." परात त्यांनी माझ्याकडे सरकवली, आणि उठायला माझा खांदा धरला. हाताचा पूर्ण भार पडला. वर्षभरापूर्वी तसा पडला नसता.

आम्ही गेलो. धाकटीने मुलीला खडकावर उचलून पलीकडचं आजोळ दाखवलं. आता ते तिला वरूनही ओळखू येत होतं. सगळ्या तिच्याभोवती जमल्या तेव्हा मी आमच्या बाजूच्या कडेला गेले. माळवदावर नुसता कापूस होता. तरी मी कमरेचा पदर सोडला आणि हात उंच करून हलवला, दंड भरून येईतो.

मागून चुलत सासू आली. "कुणाला गं?" तिने विचारलं.

"कुसळं लागलीत," मी म्हटलं. "झटकून राहिले."